क्रमिक पुस्तकाचा विटाळ

आमच्या विद्वानांना क्रमिक पुस्तकाचा विटाळ होतो. ‘तो परीक्षार्थींसाठी लिहितो,’ एवढे म्हटले की इतिहासकाराची किंमत संपली! कोल्हापूरचे इतिहासाचे प्राध्यापक डॉ. जयसिंगराव पवार यांच्या संपादनाखाली निघालेल्या राजर्षी शाहू स्मारक ग्रंथाला ही मंडळी मान देतात. पण ‘मराठी साम्राज्याचा उदय आणि अस्त’ म्हटले की नाक मुरडतात.

त्यांना इचलकरंजीचाच दाखला देतो. कोकणातला नारो महादेव जोशी सेनापती संताजी घोरपड्यांच्या आश्रयाने वाढला. कृतज्ञतेने त्याने धन्याचे आडनाव घेतले आणि पुढे त्याच्या वंशाचे संस्थान इथे नांदले. १९२४ साली निवर्तलेल्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी त्याचा इतिहास लिहिला. तो आज गावात किती जणांनी उघडला असेल? १९०४ साली इथे पहिला यंत्रमाग आला. त्या खडखडाटात वाढलेल्या पोराला संताजी भेटायचा तो क्रमिक पुस्तकातच, तोही चार ओळींत. त्या चार ओळी कोणी लिहाव्यात? ‘सेनापती संताजी घोरपडे’ आणि ‘महाराणी ताराबाई’ हे ग्रंथ सिद्ध करणाऱ्याने, की कात्री-डिंक घेऊन बसलेल्या गाईडवाल्याने?

पवारांनी याचे उत्तर लिहून दिले आहे. विद्वानांनी टाकलेली जागा रिकामी राहत नाही. तिथे गाईडवाला बसतो, नाहीतर भडक कादंबरीकार. मग पोरांना इतिहास येत नाही म्हणून ऊर बडवण्याचा हक्क त्यांना कसा उरतो?