एका ठेक्याचे सोबती

मैत्री समानशीलांतच जडते. ती जडण्यास विचारांची देवघेव लागते. आणि संगीत ही एकट्यानें साधावयाची व इतरांनीं स्वस्थ बसून ऐकावयाची विद्या आहे, अशीं तीन मतें आमच्या सुशिक्षित वर्गांत इतकीं मुरलीं आहेत कीं त्यांचा पुरावा कोणी मागत नाहीं. या तिन्ही मतांचा परिणाम मात्र एकच होतो. खेड्यांतील भजनी मंडळ किंवा ढोल-लेझमीचें पथक दृष्टीस पडलें, कीं आमच्यापैकीं एक नाक मुरडतो, दुसरा त्याला 'लोककला' असें नांव देऊन छायाचित्र घेतो, आणि दोघेहि पुढें जातात. समोर मैत्रीची एक जुनी शाळा चालू आहे, हें दोघांच्याहि ध्यानांत येत नाहीं. या शाळेला आज जी घरघर लागली आहे तिची जबाबदारी आमच्या वर्गावरहि येते, असें आमचें स्पष्ट मत आहे.

पुण्याहून सातारच्या रस्त्यानें कात्रजचा घाट ओलांडला, कीं शिवगंगेचें खोरें लागतें. त्या खोऱ्यांत, भोर तालुक्यांत, हमरस्त्यालगत शिवरे हें गांव आहे. तेथून पश्चिमेस भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत शिरत जावें; या सबंध टापूंत गांवोगांवीं दोन प्रकारचे वाद्यसंघ आढळतात. एक देवळांतला : वीणा, पखवाज, पेटी व टाळ. दुसरा देवळाबाहेरचा : ढोल, ताशा, झांज व लेझीम. पहिला एकादशीला, कार्तिकांतल्या काकडआरतीला व हरिनाम सप्ताहाला जमतो. दुसरा ग्रामदेवतेच्या जत्रेंत व गणपतींत. युरोपांत शिक्षक, वैद्य, कारागीर असे लोक संध्याकाळीं एकत्र येऊन हौसेनें वाद्यवृंद चालवितात, तसें आमच्याकडे कांहीं नाहीं, अशी हळहळ करणारे विद्वान् आम्हांस नेहमीं भेटतात. त्यांनीं हळहळ करण्यापूर्वी कात्रजचा घाट एकदां उतरून पाहावा.

या वर्तुळाचें काम कसें चालतें तें जवळून पाहिल्यावांचून त्यांतील सख्य समजणार नाहीं. भजनांत वीणेकरी स्वर धरून उभा असतो. पखवाजी ठेका सांभाळतो. टाळकरी दोहों बाजूंस समोरासमोर उभे राहतात. एकानें चरण म्हणावा, बाकीच्यांनीं ध्रुपद उचलावें. नवा मुलगा ओळीच्या शेवटीं उभा राहतो. त्याला कोणी धडे देत नाहीं. तो शेजारच्या म्हाताऱ्याच्या मनगटाकडे पाहून शिकतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावावयाची कणीक कोणीतरी मळून आणतो. पावसाळी हवेंत चामड्याचा ढोल उतरला, कीं तो पुन्हां ताणण्यास दोन जोड हात लागतात. लय वाढूं लागली म्हणजे जो पुढें धांवेल त्याला मागें यावें लागतें, जो रेंगाळेल त्याला इतरांनीं सांवरून घ्यावें लागतें. चूक कोणाची हें सर्वांस ऐकूं जातें, पण ती बोलून दाखविण्यास सवड नसते. दुसऱ्याचा दोष उघड दिसत असतां तो सांवरून पुढें जावयाचें, हा मैत्रीचा पहिला धडा होय. आणि येथें तो वीस-वीस, तीस-तीस वर्षें दर एकादशीच्या रात्रीं गिरविला जातो.

याच्या उलट आमच्या वर्गाची मैत्री पाहा. ती बोलण्यावर उभी असते आणि बोलण्यानेंच मोडते. एका निवडणुकीनें ती फाटते. एका बदलीनें ती विरळ होते. मंडळांतील दोघांचा शेताच्या बांधावरून दावा चालू असला, तरी एकादशीला दोघांस एकाच ठेक्यावर टाळ वाजवावा लागतो. न वाजविल्यास भजनच मोडतें, आणि तें मोडूं देण्यास मंडळ तयार नसतें. दावा सुटला नाहीं तरी माणूस तुटत नाहीं. आणि त्यांपैकीं एक निवर्तला म्हणजे त्याच्या तिरडीपुढें टाळ-मृदंग घेऊन तेच सोबती चालतात. आमच्या चर्चामंडळांतून अशा प्रसंगीं शोकप्रस्ताव येतो.

हें सारें भाबडें कौतुक आहे असें कोणी म्हणेल, तर त्यानें विल्यम मॅक्नील या अमेरिकन इतिहासकाराचा १९९५ सालचा ग्रंथ पाहावा. हा गृहस्थ १९४१ सालीं सैन्यांत भरती झाला आणि टेक्सस प्रांतांत तासन् तास कवाईत करूं लागला. त्या निरर्थक चालण्यांत आपणांस एक अपूर्व उल्हास वाटला व सोबत्यांशीं जवळीक वाटली, ही गोष्ट तो विसरला नाहीं. पुढें त्यानें इतिहासांत तिचा माग काढला, आणि एकत्र पावलें टाकणें व एकत्र नाचणें यांनीं मानवी समूह बांधले गेले, असा सिद्धान्त मांडला. आपल्या देशांतील उदाहरण याहूनहि बोलकें आहे. १९१८ च्या सुमारास साथीच्या तापानें पोरक्या झालेल्या मुलांना गोळा करून उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनीं मैहर येथें वाद्यवृंद उभा केला. अनाथांना एकमेकांचे करावयास त्यांनीं व्याख्यानें दिलीं नाहींत. त्यांच्या हातीं वाद्यें दिलीं.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप असा कीं, हा सारा गोंगाट आहे. शहरांत एकेका पथकांत ढोलांची संख्या फुगत जाते व अरुंद पेठांतून आजाऱ्यांचे हाल होतात, हें खरें आहे. त्याचें समर्थन आम्ही करीत नाहीं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं वस्तींत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबलांची मर्यादा घातली आहे, ती सर्वांनीं पाळावी. पण मोठा आवाज म्हणजे बेशिस्त, हें समीकरण चुकीचें आहे. आषाढी वारींत तळावर समाजआरतीच्या वेळीं चोपदारानें दंड उंच केला, कीं अफाट समुदायाचे टाळ एकदम थांबतात. एखाद्या दिंडीची कांहीं तक्रार असल्यास तेवढी एकच दिंडी टाळ वाजवीत राहते. मग तिचें म्हणणें ऐकून घेऊन तें निवारलें जातें. तक्रार करण्याची इतकी सभ्य रीत आमच्या किती सभागृहांत आहे, हें वाचकांनींच ठरवावें.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, व तो करणारे बहुधा आमच्या वर्गाबाहेरचे असतात. तुम्ही ज्या सख्याचें गुणगान करितां त्यांत सर्वांस प्रवेश होता काय? नव्हता. हलगी मातंगानें वाजवावी, सनई गुरवानें किंवा घडशानें फुंकावी, असा जन्मावरून वाटा ठरलेला होता; तें वादन सेवा होतें, सोबत नव्हे. ज्या पंढरीच्या वाटेवर सारे एका ठेक्यानें चालत, त्या पंढरीच्या देवळाचें दार अस्पृश्यांस उघडावयास १९४७ सालीं साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावें लागलें. हा इतिहास झांकून ठेवून मंडळांचें कौतुक करणें अप्रामाणिकपणाचें होईल. पण यावरून निघतें तें इतकेंच, कीं जेथें एकास वाजविण्याची सक्ती व दुसऱ्यास ऐकण्याचा मान असतो तेथें मैत्री उपजत नाहीं. ती वर्तुळांत बरोबरीनें उभें राहिल्यावरच उपजते. तेव्हां उपाय वर्तुळ मोडण्याचा नसून तें रुंद करण्याचा आहे. स्त्रियांचीं भजनी मंडळें आज गांवोगांवीं आहेत. ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग यांसारख्या शाळांच्या पथकांमुळें ढोल पांढरपेशा घरांतहि शिरला, आणि मुली तो कमरेला बांधून वाजवितात. वर्तुळ रुंद होऊं शकतें, याला आणखी प्रमाण कशाला हवें?

खरें संकट निराळेंच आहे. हमरस्त्याच्या कडेला कारखाने व गोदामें उभीं राहिलीं. तरुणांच्या पाळ्या बदलत्या. एकादशीला रात्रपाळी आली तर टाळ खुंटीवरच राहतो. ही अडचण समजण्यासारखी आहे. समजत नाहीं ती पुढची गोष्ट : सवड नाहीं म्हणून वर्गणी काढून कर्ण्यांची भिंत भाड्यानें आणावयाची, आणि गाडीवरच्या त्या यंत्रापुढें नाचावयाचें. वर्गणी देणाऱ्यांत शहरांत स्थायिक झालेले सुशिक्षित गांवकरी पुढें असतात. आणि लग्नाच्या वरातीला हीच भिंत आमच्याहि दारीं उभी राहते. यंत्र कोणासाठीं थांबत नाहीं, कोणास सांवरून घेत नाहीं, आणि कोणाच्या तिरडीपुढें चालत नाहीं. त्यापुढें नाचणारे शंभर तरुण शेजारी शेजारी असूनहि एकेकटे असतात. सुपारी घेऊन गांवोगांव फिरणाऱ्या पथकाचीहि तीच गत होण्याचा धोका आहे. बिदागीची वांटणी सुरू झाली म्हणजे ज्याचा हात चुकतो तो सोबती न राहतां तोट्याची बाब होतो. धंदेवाईक वाजंत्र्यांस त्यांचें वेतन पुरेपूर मिळावें. पण विकत आणलेल्या वादनाबरोबर सख्य घरीं येत नाहीं.

म्हणून आमचें वाचकांस सांगणें एवढेंच आहे. गांवच्या उत्सवाला वर्गणी द्यावयाची ती कर्ण्यांसाठीं देऊं नये. टाळांचे जोड, पखवाजाची पुडी व मुलांना शिकविणाऱ्या पखवाज्याचें मानधन यांसाठीं द्यावी. शहरांतील सोसायटींत आठवड्यांतून एक संध्याकाळ ठरवावी आणि तींत डॉक्टर, कारकून व रखवालदार यांनीं एका ओळींत उभें राहावें. कोणास बेताचें येतें याची लाज बाळगूं नये, कारण बेताचें येणाऱ्यांसाठींच ही योजना आहे. मुलाला गाण्याच्या परीक्षेस बसविणाऱ्या पालकांनीं त्याला दोन वर्षें कोठल्या तरी ओळीच्या शेवटीं उभें करावें. प्रमाणपत्र मिळणार नाहीं. पण तो साठीचा होईल तेव्हां त्याला नांवानें हांक मारणारीं चार माणसें असतील, आणि तीं त्याच्या हुद्द्याकडे पाहून आलेलीं नसतील.