घोंगडी पांघरलेला सोबती

पोराने वहीच्या मागच्या पानावर चित्र काढले की आपण काय म्हणतो? "अभ्यास सोडून हे काय धंदे!" आम्हीही असे ओरडलो आहोत. म्हणूनच आज एका शिल्पकाराची हकिगत सांगतो.

अमेरिकेतल्या मूळनिवाशांपैकी एक जमात चिरिकाहुआ अपाचे. १८८६ साली त्यांचा लढवय्या जेरोनिमो शरण आला आणि सरकारने बायका-मुलांसकट जमातीला युद्धकैदी केले. ही कैद २७ वर्षे चालली. त्या कैदेतल्या सॅम हाओझस यांना सुटकेनंतर, ३० जून १९१४ रोजी, ओक्लाहोमात मुलगा झाला. त्याचे नाव अ‍ॅलन. आई ब्लॉसम तर कैदेतच जन्मलेली. हाओझस म्हणजे रोप उपटताना मातीतून येणारा आवाज. पुढे शाळेत त्याचे 'हौझर' झाले!

घरी वडील जमातीची गाणी गात, जुन्या कथा सांगत. तीच या पोराची शिदोरी. विसाव्या वर्षी तो सांता फे येथे चित्रकला शिकायला गेला. महायुद्धाच्या काळात लॉस एंजेलिसला दिवसा अंगमेहनतीचे काम आणि उरल्या वेळात कला, असे दिवस काढले.

कान्सासमधल्या हॅस्केल या मूळनिवासी मुलांच्या शाळेचे विद्यार्थी त्या युद्धात मारले गेले होते. त्यांच्या स्मारकासाठी हौझर यांनी १९४८ साली पांढऱ्या संगमरवरातून मूर्ती घडविली. घोंगडी पांघरलेला, मान खाली घातलेला एक माणूस, आपल्या सोबत्याच्या दुःखात उभा. ज्या सरकारने आईबापांना कैदेत ठेवले, त्याच्याच युद्धात जमातीजमातींची पोरे गेली. हे सारे त्या झुकलेल्या मानेत आहे.

१९६२ पासून १९७५ पर्यंत सांता फेच्या कलासंस्थेत त्यांनी मूळनिवासी मुलांना शिल्पकला शिकविली. साठी ओलांडल्यावर पूर्ण वेळ छिन्नी धरली. त्यांच्या दगडातल्या आया पाहाव्यात: शालीची घडी डोंगराच्या उतारासारखी आणि कुशीत मूल. १९९२ साली त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय कलापदक मिळाले. १९९४ साली ते वारले. पुत्र बॉब हेही शिल्पकार. पण त्यांनी आडनाव लावले ते मूळचे, हाओझस.

तेव्हा आजीला जुन्या गोष्टी सांगू द्या, आणि पोराच्या वहीचे मागचे पान फाडू नका. आम्हीही आता फाडणार नाही.