गांधाराची रिकामी जागा

पंक संगीतात चाल गोड झाली की निष्ठा पातळ झाली असे समजावे, अशी एक वहिवाट त्या संगीताच्या कडव्या उपासकांत सुमारे अर्धशतक चालत आलेली आहे. आणि त्या वहिवाटीनुसार ज्यांच्यावर सर्वांत मोठा ठपका ठेवला गेला, त्या कॅलिफोर्नियातील ‘ग्रीन डे’ या तिघांच्या बँडचा ‘सेव्हिअर्स’ हा चौदावा अल्बम मी पुनःपुन्हा ऐकत आलो आहे. १९ जानेवारी २०२४ रोजी तो प्रकाशित झाला, त्या वेळी बँडचा गायक व गीतकार बिली जो आर्मस्ट्राँग वयाची बावन्न वर्षे पुरी करण्याच्या बेतात होता. जे संगीत विशीतल्या संतापातून जन्मले ते पन्नाशी उलटलेल्या माणसाने गावे काय, असा प्रश्न त्या निमित्ताने पुष्कळांनी उपस्थित केला. मला त्याहून मूलगामी वाटतो तो प्रश्न निराळा आहे: या संगीतात चालीचे नेमके काम कोणते?

आपल्याकडे तंबोरा लावून बसलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर, मला वाटते, इतरांहून लवकर सापडावे. तंबोऱ्याच्या चार तारांत सामान्यतः पंचम आणि षड्ज एवढेच स्वर मिळवलेले असतात. गांधाराची तार कोणी बांधत नाही, आणि तरीही जवारी नीट लागली म्हणजे तो गांधार आपोआप, स्वयंभू, कानावर येतो, याचे कौतुक गुणीजनांनी पिढ्यानपिढ्या केलेले आहे. पंक वादकाच्या विजेच्या गिटारीवरही, ज्याला ‘पॉवर कॉर्ड’ म्हणतात तो प्रकार वाजतो तेव्हा, मूळ स्वर, त्याचा पंचम आणि बहुधा वरचा षड्ज एवढेच छेडलेले असतात. याचे कारण शास्त्रीय आहे. ध्वनिवर्धकाकडून स्वर जाणूनबुजून इतका ताणलेला असतो की तो फाटून खरखरीत होतो, आणि अशा फाटलेल्या नादात गांधार मिसळला की सगळेच गढूळ होऊन जाते. षड्ज-पंचमाचे नाते मात्र इतके निकटचे की त्या गदारोळातही ते शाबूत राहते. परिणाम असा होतो की, एवढा प्रचंड आवाज करणारी ती गिटार एका बाबतीत संपूर्ण मौन पाळते: गाणे आनंदाचे की दुःखाचे, हे ती सांगत नाही. शुद्ध गांधार की कोमल गांधार, हा निवाडा तिने गायकाच्या गळ्यावर सोपवलेला असतो.

शिवाय तंबोऱ्याचा षड्ज अढळ असतो, आणि येथला मूळ स्वर मात्र दर दोन-चार मात्रांनी जागा बदलतो. त्यामुळे गायकाने एकच स्वर धरून ठेवला तरी त्याच्या पायाखालची जमीन सरकत राहते, आणि तोच स्वर एका क्षणी पंचम, दुसऱ्या क्षणी गांधार, तिसऱ्या क्षणी षड्ज होऊन निरनिराळ्या भावांनी उजळत जातो. ज्याने ही किमया एकदा कान देऊन ऐकली त्याला पंक गाण्यातील चाल म्हणजे वरून शिंपडलेली साखर आहे असे म्हणवणार नाही. ती त्या बांधकामाचा भार पेलणारी भिंत आहे. ती काढली तर उरतो तो केवळ षड्ज-पंचमाचा गोंगाट, ज्यात संताप आहे परंतु संतापाचे कारण नाही.

इतिहासाचा दाखलाही याच बाजूने पडतो. न्यूयॉर्कच्या ‘रामोन्स’नी १९७६ साली आपल्या पहिल्या अल्बमात अर्ध्या तासाच्या आत चौदा गाणी बसवली, तेव्हा त्या चालींत त्यांच्या लहानपणीच्या रेडिओवरील प्रेमगीतांचा वास स्पष्ट होता, मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’नी तर फसलेल्या प्रेमाखेरीज फारसा दुसरा विषयच हाताळला नाही, आणि लॉस एंजेलिसच्या ‘बॅड रिलिजन’ने १९८८च्या ‘सफर’ या अल्बमात अतिवेगवान तालावर तीन-तीन आवाजांचे सुरेल मिश्रण चढवून पुढल्या संपूर्ण पिढीस वाट घालून दिली. सारांश, माधुर्य हे या घराण्यात मागाहून शिरलेले परके माणूस नाही.

मग ठपका कशाचा? त्याची कैफियत बर्कली शहरातील गिलमन स्ट्रीटवरच्या एका जुन्या गोदामवजा जागेत सुरू होते. ३१ डिसेंबर १९८६ रोजी उघडलेली ही जागा स्वयंसेवक चालवीत; तेथे कोणत्याही वयाच्या मुलामुलींस प्रवेश, मद्यास मनाई, मारामारीस मनाई, आणि वंश, लिंग वा लैंगिक वृत्ती यांवरून कोणास हिणवण्यास मनाई, असे नियम होते, आणि ते मनापासून पाळले जात. रोडिओ या तेलशुद्धीकरणाच्या गावातून आलेला बिली जो आणि त्याचा शाळेतला सवंगडी, बासवादक माइक डर्न्ट, यांची जडणघडण या जागेत झाली. ड्रमवादक ट्रे कूल त्यांना १९९० साली येऊन मिळाला. पुढे या तिघांनी एका बड्या ध्वनिमुद्रण कंपनीशी करार केला, आणि अशा कंपन्यांशी करारबद्ध झालेल्यांना मंच द्यावयाचा नाही या तेथील नियमानुसार त्यांना त्यांच्याच घराची दारे बंद झाली. फेब्रुवारी १९९४मध्ये त्यांचा ‘डूकी’ हा अल्बम प्रसिद्ध झाला, एकट्या अमेरिकेत त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या, आणि दारावरची कडी अधिकच घट्ट झाली.

गिलमनच्या त्या स्वयंसेवकांविषयी माझ्या मनात आदरच आहे. पैशाच्या मुलाहिज्याशिवाय एखादी जागा वर्षानुवर्षे चालू ठेवणे ही सामान्य गोष्ट नव्हे, आणि ज्याने नियम केला त्याने तो आपल्या लाडक्यांनाही लावावा, यात न्याय आहे. माझा आक्षेप आहे तो नंतर झालेल्या गफलतीस. करारनाम्याविषयीची तक्रार हळूहळू चालीविषयीची तक्रार झाली. कंपनीने यांना विकत घेतले म्हणून ती गाणी गोड लागतात, असा उलटा कार्यकारणभाव रूढ झाला. वस्तुतः त्याच गोड चाली हे तिघे गिलमनच्या मंचावर, थोड्याशा मुलांपुढे, कोणताही करार होण्यापूर्वी गातच होते. मे २०१५मध्ये, ओकलंडमधील एका आगीत नुकसान सोसलेल्या स्वतंत्र प्रकाशनसंस्थेच्या व छापखान्याच्या मदतीसाठी, हा बँड पुन्हा त्या मंचावर उभा राहिला. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी रॉक संगीताच्या अधिकृत कीर्तिमंदिरात त्याची प्रतिष्ठापना झाली होती. दोन्ही प्रसंगांत मला गिलमनचा अधिक मोलाचा वाटतो.

आता ‘सेव्हिअर्स’कडे वळतो. ‘डूकी’ आणि २००४चा ‘अमेरिकन इडियट’ या दोन्ही अल्बमांच्या निर्मितीत सहभागी असलेला रॉब कॅव्हॅलो येथे पुन्हा निर्माता म्हणून आला आहे, आणि त्याचा हात पहिल्याच गाण्यात ओळखू येतो: गिटारींचे थर जाड, पण गळ्याभोवती मोकळी जागा राखलेली. ते गाणे अमेरिकेच्या सुखस्वप्नानेच माणसे मरत आहेत अशा आशयाचे आहे. त्याचा हेतू प्रामाणिक आहे यात संशय नाही; २०२३च्या अखेरच्या रात्री दूरचित्रवाणीवर ‘अमेरिकन इडियट’ गाताना एक शब्द बदलून ट्रम्पसमर्थकांच्या चळवळीचे नाव घेण्याचे धाडस याच गायकाने केले होते. तरीही हे गाणे मला जाहीरनाम्यासारखे वाटते. त्यातील कलमे बरोबर आहेत, चालही ठसठशीत आहे, परंतु शेवटापर्यंत ऐकूनही एकाही माणसाची गाठ पडत नाही. ‘लिव्हिंग इन द ट्वेंटीज’मध्ये मोठ्या दुकानात झालेल्या गोळीबाराचा उल्लेख असा सहज, जणू रोजच्या वर्तमानपत्रातील मजकुरासारखा येतो की अंगावर काटा उभा राहतो, पहिल्या गाण्याने घोषणेने जे साधू पाहिले ते येथे एका साध्या उच्चाराने साधले आहे.

पंधरा गाणी हा आकडाही मला अंमळ जास्त वाटतो. २०२०चा यांचा आधीचा अल्बम सव्वीस मिनिटांतच आटोपला होता, आणि त्याच्या तोकडेपणाची भरपाई करावी असा काही विचार येथे असावा असा भास होतो. ‘कॉर्व्हेट समर’सारखे गाणे जुन्या गिटार-संगीताच्या आठवणींत रमते आणि तेवढ्यावरच थांबते. ते नसते तर काही बिघडले नसते.

परंतु ज्या दोन गाण्यांसाठी हा लेख लिहावासा वाटला त्यांचे स्थान अगदी वेगळे आहे. ‘डिलेमा’ हे व्यसनाविषयीचे आत्मकथन आहे. सप्टेंबर २०१२मध्ये लास व्हेगासच्या मंचावर सर्वांदेखत तोल सुटल्यावर या गायकाने व्यसनमुक्तीसाठी उपचार घेतले, ही गोष्ट जगजाहीर आहे. त्या अनुभवाकडे दशकभराने वळून पाहताना त्याने कोणावर फिर्याद केलेली नाही आणि स्वतःची वकिलीही केलेली नाही. गाणे हळू सुरू होते, गळा जवळजवळ उघडा असतो, आणि मग षड्ज-पंचमाची ती भिंत एकदम उभी राहते. आणि आश्चर्य हे की, ती उभी राहिल्यावर चाल अधिकच कोवळी वाटते. ज्या माणसाला आपल्या दौर्बल्याची ग्वाही द्यावयाची आहे त्याने ती एवढ्या मोठ्या आवाजात द्यावी आणि तरीही ती कबुली कुजबुजल्यासारखी ऐकू यावी, हे केवळ चालीमुळे शक्य झाले आहे.

दुसरे गाणे ‘फादर टू अ सन’. बिली जोचे वडील जॅझ वाजवीत आणि पोटासाठी मालमोटार हाकीत. १९८२च्या सप्टेंबरात कर्करोगाने ते गेले तेव्हा हा मुलगा दहा वर्षांचा होता. आई उपाहारगृहात वाढपाचे काम करून घर चालवीत असे. त्या मृत्यूवरचे त्याचे गाणे ‘अमेरिकन इडियट’मध्ये आहे, आणि सप्टेंबर सरेपर्यंत मला उठवू नका असे विनवणारे ते गाणे आज जगभर ठाऊक आहे. वीस वर्षांनी आलेले हे नवे गाणे दुसऱ्या तीरावरून गायलेले आहे: ज्याला बाप फारसा लाभलाच नाही असा माणूस दोन मुलांचा बाप होतो, ती मुले वाढून मोठी होतात, आणि बापपण कसे करावयाचे याचा कित्ता आपल्यापाशी कधी नव्हताच हे त्याला उमजते. या गाण्यात तंतुवाद्यांचा मोठा समूह हळूहळू भरून येतो. काहींना तो अतिरेक वाटेल, पंकच्या व्रताशी विसंगतही वाटेल. मला वाटले की ज्या घरात वडिलांची जागा रिकामी राहिली होती तेथे उशिरा का होईना माणसे जमली आहेत. असे गाणे विशीत लिहिता येत नाही. त्यासाठी पन्नाशी यावी लागते, आणि म्हणूनच या वयात हे संगीत करावे काय, या प्रश्नाला मी फारसे महत्त्व देत नाही.

अल्बमच्या वेष्टणावर १९७८ सालच्या बेलफास्टमधील एका पोराचे छायाचित्र आहे. हातात दगड आहे, आणि मुद्रा अशी की, मी काय केले, असे तो कॅमेऱ्यालाच विचारतो आहे. गावात यादवी माजलेली असताना त्या मुद्रेत क्रौर्य नाही, खोडकर निरागसता आहे. अल्बममधील उत्तम गाण्यांचा भावही हाच आहे.

मार्च २०२५मध्ये हा बँड मुंबईत आला. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर, लोलापलूझा या संगीतोत्सवात, मी पार मागच्या बाजूस उभा होतो. भोवतालची बहुतेक मुले ‘डूकी’ निघाला तेव्हा जन्मलेलीही नव्हती. त्या अल्बमातील ‘बास्केट केस’ हे मनाच्या घबराटीवरचे गाणे सुरू होते तेव्हा प्रारंभी केवळ एक गिटार असते, हाताने दाबून धरलेली, षड्ज-पंचम एवढेच बोलणारी, आणि तिच्यावर एक गळा. त्या संध्याकाळी तो एक गळा मला ऐकूच आला नाही. पहिल्या अक्षरापासून सगळे मैदान गात होते. खाली गिटार आपले दोन स्वर धरून राहिली होती, आणि गांधार लोकांकडून येत होता.