प्रोबायोटिकचं पाकीट आणि बोंडअळी

वर्ध्यात खारं पाणी नाही, तरी कोळंबीच्या तळ्यांबद्दल मला फोन येतो. पालघरकडे कोळंबी प्रकल्पावर असलेला माझा एक जुना विद्यार्थी विचारतो, ‘मॅडम, हे प्रोबायोटिक टाकलं तर व्हिब्रिओ मरेल ना?’ व्हिब्रिओ म्हणजे कोळंबीची तळीच्या तळी रिकामी करणारा जिवाणू. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून स्पष्ट सांगते : पाकिटावर छापलंय म्हणून तो मरत नाही.

प्रोबायोटिक म्हणजे उपयोगी मानलेले जिवंत जिवाणू. त्यांतले काही बॅसिलस, लॅक्टोबॅसिलस शेजारच्या जिवाणूंना मारणारी प्रथिनं सोडतात, ती बॅक्टेरिओसिनं. ती तपासायला व्हिब्रिओ पसरलेल्या अगारच्या प्लेटला भोक पाडायचं आणि बॅसिलस वाढवून मग जिवाणू काढून टाकलेला द्रव त्यात सोडायचा. सकाळी भोकाभोवती स्वच्छ कडं दिसलं की पोरं हुरळतात. मी म्हणते, थांबा, नुसत्या आम्लानंही कडं पडतं. आधी द्रवाचा पीएच सातवर आणा, हायड्रोजन पेरॉक्साइडची शंका कॅटालेज घालून फेडा, मग प्रथिनं तोडणारं एन्झाइम घाला. आता कडं पडेनासं झालं, तर ते बॅक्टेरिओसिन मानू. पुढे अमोनियम सल्फेटनं त्या प्रथिनाचा साका बसवा, डायलिसिसच्या पिशवीत क्षार काढा, कॉलममधून शुद्ध करा. दर पायरीला माल घटतो आणि खर्च चढतो. त्यात व्हिब्रिओ पडला ग्रॅम-निगेटिव्ह. त्याच्या बाहेरच्या आवरणापुढे 1928 पासून माहीत असलेल्या नायसिन या बॅक्टेरिओसिनचंही एकट्याचं फारसं चालत नाही. कोळंबीचा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग तर विषाणूचा, तिथे या प्रथिनांवर भिस्त ठेवूच नका.

तरी हे संशोधन व्हायलाच हवं. क्लोरॅम्फेनिकॉलसारख्या अँटिबायोटिकवर कोळंबीत बंदी आहे. अंश सापडला की परदेशात गेलेला माल नाकारला जातो. पण ‘बॅक्टेरिओसिनला रोगजंतू कधी सरावणारच नाहीत’ असं कुणी विक्रेता म्हणाला, तर त्याला आमच्या वर्ध्याकडच्या सेलूच्या कपाशीत आणून उभा करा. कपाशीच्या बीटी वाणातही बोंडअळी मारणारं एका बॅसिलसचंच प्रथिन आहे. 2002 मध्ये त्या वाणाला परवानगी मिळाली. गुलाबी बोंडअळी त्या प्रथिनाला सरावली आणि 2017 मध्ये तिनं विदर्भातली बोंडं आतून पोखरली.

कोस्टल ॲक्वाकल्चर ऑथॉरिटी तळ्यात टाकायच्या मालात अँटिबायोटिक नाही ना, हे पाहून नोंदणी करते. त्याच नोंदणीला एक अट जोडा : पाकिटात कोणता जिवाणू आहे आणि तो तळ्यातल्या व्हिब्रिओवर चालतो का, याचा प्रयोगशाळेचा दाखला. तोवर माझ्या विद्यार्थ्यानं पैसा रोगमुक्त बीज आणि पाण्याच्या तपासणीवर घालावा.