आधी ब्रेक, मग भरवसा

असरनंतर मुलं सायकलवरून मक्तबला निघाली की आपण दारातून 'अल्लाह हाफिज' म्हणतो. पावसाळ्यात त्याआधी ब्रेक एकदा दाबून पाहावा. तवक्कुल म्हणजे उंट मोकळा सोडणं नव्हे, हे आपल्या घरांत सगळ्यांना ठाऊक आहे.

अब्बांच्या काळ्या सायकलीला दांड्यांचा ब्रेक असतो. लिव्हर ओढली की दांड्या वर उचलल्या जातात आणि रबर रिमच्या आतल्या बाजूला टेकतं. मुलांच्या सायकलीत तार असते आणि रबर रिमला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखं धरतं. दोन्हींत थांबण्याची ताकद येते ती रबर आणि रिमच्या घर्षणातून. चकचकीत लोखंडी रिम भिजली की हे घर्षण एकदम घटतं. लिव्हर पूर्ण दाबूनही सायकल पुढे जातच राहते. अॅल्युमिनियमची रिम पावसात त्यापेक्षा बरीच चांगली धरते. डिस्क ब्रेकची चकती चाकाच्या मध्यभागी, रस्त्याच्या पाण्यापासून दूर असते, म्हणून तो पावसात अधिक भरवशाचा.

नवी सायकल घेणं प्रत्येक घराला जमेलच असं नाही. आहे त्या सायकलीची काळजी मात्र घेता येते. लिव्हर दाबल्यावर हँडलला टेकत असेल, तर तार सैल झाली आहे, ती ताणून घ्या. रबरावरच्या खाचा झिजून गेल्या असतील, तर रबर बदला. साखळीला तेल देताना रिमवर थेंबही पडू देऊ नका.

मुलांनाही दोन गोष्टी शिकवा. उतार लागण्याआधीच ब्रेक हलके दाबत राहायचे, म्हणजे रिमवरचं पाणी पुसलं जातं. वेग दुप्पट झाला, तर थांबायला साधारण चौपट अंतर लागतं, म्हणून पावसात सावकाश चालवायचं.

'पुढचा ब्रेक दाबू नकोस, पालथा होशील,' असं आपण मुलांना सांगतो. पण थांबताना भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचं हलकं होऊन घसरतं. नुसत्या मागच्या ब्रेकनं सायकल लवकर थांबत नाही. दोन्ही ब्रेक एकदम, पण हळूहळू जोर वाढवत दाबायचे. ओल्या वळणावर मात्र वळण्याआधीच वेग कमी करायचा.

येत्या जुम्याला मुलांना सोबत घेऊन सायकल तपासा. पाच मिनिटांचं काम आहे. मग 'अल्लाह हाफिज' म्हणताना आपलंही मन निर्धास्त राहील, इन्शाअल्लाह.