यंदा अंगणात जोडेघाट

दिवाळीच्या किल्ल्यावर आपण मावळे मांडतो, पण लढाई खेळत नाही. ती खेळावी, असं आम्हांला मनापासून वाटतं. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’मध्ये खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियमच दिले: एका चालीत पायदळ एक फूट, घोडदळ दोन फूट, दोरीने मोजून.

वांकिडीतल्या मुलांना विषय शोधायला लांब जायला नको. केरामेरीच्या डोंगरात जोडेघाट आहे. १९४० साली गोंडांचे नेते कुमराम भीम तिथे निजामाच्या पोलिसांशी लढताना पडले. कोजागरीला तिथे त्यांची पुण्यतिथी पाळतात. पाठोपाठ दिवाळीत गोंडांचा दंडारी-गुसाडी नाच येतो.

डोंगरासाठी विटांचा उतार रचा, वर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाका. ते ओलं असतानाच बोटांनी दाबून घळी काढा. नुसत्या काळ्या मातीला वाळल्यावर भेगा पडतात, म्हणून तीत थोडं शेण कालवा. मोहरी पेरली की काही दिवसांत रान हिरवं होतं. पोलिसांच्या बंदुकीचा पल्ला लांब ठेवा. पण चढावर चाल निम्मी, आणि झाडीआडचा गडी दिसल्याशिवाय नेम नाही. डोंगर कुणाच्या बाजूने लढतो, हे मुलांना खेळतानाच कळेल. भीमांचं बाहुलं मात्र फाशांच्या दानावर लावू नये, असं आमचं ठाम मत आहे.

तुमच्या डोंगराचं छायाचित्र आणि तुम्ही ठरवलेले नियम आमच्याकडे जरूर पाठवा. निवडक पुढच्या अंकात छापू.