परवाना बंदुकीला, दारू अंदाजाने

कुंभकोणम म्हटलं की मराठी वाचकाला तंजावरचे भोसले आठवतात, बारा वर्षांनी भरणारं महामहम आठवतं, फार तर पितळी पेल्यातली डिग्री कॉफी आठवते. देवळांच्या वाटेवर मण्यांच्या माळा आणि सुया विकणाऱ्या नरिकुरवर बायकांकडे सहसा कुणी थांबून पाहत नाही. घरात त्या वाग्री बोलतात. चहूकडे तमिळ असूनही ही बोली गुजराती-मराठीच्या कुळातली आहे. त्यांच्या समाजातले पुरुष एके काळी खांद्याला ठासणीची बंदूक अडकवून रानात जात. ससे, तितर, लावे मारून आणत, कोल्ह्याचीही शिकार करत. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीची दारं जवळपास पूर्ण बंद झाली, आणि समाजाचं पोट मण्यांवर आलं. अनुसूचित जमातींच्या यादीत त्यांचं नाव घालायला संसदेला डिसेंबर २०२२ उजाडावा लागला.

शिकार बंद झाली हे योग्यच झालं. पण ठासणीची बंदूक देशातून गेलेली नाही. शेतीसंरक्षणाच्या नावाने ती आजही रीतसर परवान्यावर मिळते. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत तर डुक्कर-वानरांपासून भात, नाचणी, काजू राखायला कित्येक घरांत आजोबांच्या काळची नळी खुंटीला लटकलेली असते. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम १३ पिकांच्या रक्षणासाठी नेमकी हीच बंदूक सांगतं. ती पुरी पडत नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली, तरच गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. कायदा करणाऱ्यांना ती कमी धोक्याची वाटली असणार. दर बाराला वेळ लागतो, पल्ला थोडा, गुन्ह्यासाठी ती फारशी कामाची नाही. समोरच्यापुरतं हे खरं आहे. धरणाऱ्याच्या बाबतीत उलट आहे.

काडतूस कारखान्यात तयार होतं. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात १८६९ पासून हे काम चालू आहे, आणि तिथे दारूचं वजन, टोपी, दाब सगळं तपासून माल बाहेर पडतो. ठासणीच्या बंदुकीत हा अख्खा कारखाना शेतकऱ्याच्या अंगणात येतो. तो नळी उभी धरतो, तोंडातून दारू ओततो, वर चिंधीचा किंवा काथ्याचा बोळा घालून गजाने ठासतो, मग छर्रे, मग पुन्हा बोळा. शेवटी मागच्या बाजूला केप, म्हणजे ठिणगी देणारी टोपी, बसवतो. चाप ओढला की घोडा केपवर आदळतो आणि ठिणगी बारीक भोकातून दारूपर्यंत जाते. दारू किती घ्यायची? बहुतेक ठिकाणी वडिलांनी हाताच्या खोलगट तळव्यात दाखवली तेवढी.

इथेच जिवाशी गाठ पडते. बार झाल्यावर नळीत एखादा निखारा धुमसत राहतो, आणि डबा थेट नळीच्या तोंडाशी नेऊन दारू ओतणाऱ्याच्या हातात अख्खा डबा पेटू शकतो. म्हणून दारू आधी छोट्या मापात काढायची आणि मापातूनच नळीत सोडायची. बोळा दारूला टेकेपर्यंत ठासला नाही आणि मध्ये पोकळी राहिली, तर नळी फुगते किंवा फाटते. भरलेली बंदूक घरी आणून टांगली आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने रिकामी समजून पुन्हा भरली, तर एका नळीत दोन बार बसतात. यावरचा उपाय फुकटातला आहे. रिकाम्या नळीत गज घालून तोंडाशी त्यावर खूण करून ठेवायची. पुढच्या वेळी गज त्या खुणेपर्यंत उतरला नाही, तर आत काहीतरी आहे. चाप ओढूनही बार निघाला नाही तर नळी लगेच स्वतःकडे वळवून पाहायची नाही. ती मोकळ्या दिशेला धरून निदान मिनिटभर थांबायचं, कारण ओलसर दारू उशिराही पेटते. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते आणि लोखंड खाते, म्हणून वापर झाला की त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावायचं. आजोबांच्या काळच्या नळ्या आतून खड्डे पडून पातळ झालेल्या असतात. बाहेरून तेल लावून चकचकीत केलेल्या नळीत ते दिसत नाहीत.

सर्वांत वाईट प्रकार दारूच्याच बाबतीत होतो. फटाके फोडून त्यातली भुकटी, काडेपेटीच्या गुलाची भुकटी किंवा काडतुसातली धूररहित दारू ठासणीच्या नळीत भरली, तर दाब एवढ्या वेगाने चढतो की ती नळी तो पेलू शकत नाही. काळ्या दारूसाठी घडवलेल्या नळीत दुसरं काहीही घालायचं नसतं. हे वाक्य परवान्याच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर, मराठीत आणि ठळक अक्षरांत छापलं पाहिजे.

अमेरिकेत शिकारी लोक घरी रायफलची काडतुसं भरतात, तो तिथला जुना छंद आहे. पण तो अंदाजावर चालत नाही. दारू ग्रेनमध्ये तोलतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम, आणि काटा ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत दाखवणारा असतो. दारू बनवणाऱ्या कंपन्यांची छापील कोष्टकं असतात, आणि कमाल मापाच्या साधारण दहा टक्के खालून सुरुवात करायची हा तिथला धडा आहे. ब्रिटनमध्ये काळी दारू बाळगायला पोलिसांचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस तयार करणं हा गंभीर गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. तो कडकपणा समजण्यासारखा आहे. पण ज्या शेतकऱ्याला सरकारनेच दर बार हाताने भरायला लावणारी बंदूक दिली, त्याला तो कसा भरायचा हे शिकवायची जबाबदारी कुणाची? २०१६ च्या शस्त्र नियमांत परवान्यासाठी सुरक्षा प्रशिक्षणाची तरतूद आहे. त्या प्रशिक्षणात ठासणीच्या बंदुकीला स्वतंत्र वेळ मिळायला हवा, आणि वारसाहक्काने परवाना आलेल्यांनाही त्यातून सूट नको.

हा विषय टाळला तर काय होतं, ते कुंभकोणमहून साधारण शंभर किलोमीटरवर दिसलं. जून २०२० मध्ये तिरुचिरापल्लीजवळ मांसात दडवलेल्या गावठी बॉम्बने कोल्हा मारल्याबद्दल वनखात्याने बारा जणांना अटक केली. ते नरिकुरवर होते. त्याच महिन्यात त्याच जिल्ह्यात तोट्टियमजवळ मासे मारायला आणलेली जिलेटिनची कांडी खाऊ समजून चावल्याने सहा वर्षांचा मुलगा गेला. त्याच्या काही दिवस आधी केरळात पालक्काड जिल्ह्यात स्फोटकं भरलेलं फळ खाऊन गाभण हत्तीण मेली होती, आणि त्या बातमीने देश हादरला होता. कोल्हा आणि मुलगा यांच्यासाठी तसं कुणी हादरलं नाही. बंदूक निदान नोंदलेली असते, तिच्या मालकाचं नाव पोलिस ठाण्यात असतं. शेताच्या बांधावर ठेवलेल्या बॉम्बला मालक नसतो, आणि तो डुक्कर, कुत्रं, गाय, मूल यांत फरक करत नाही. रीतसर, शिकलेला, मोजका उपाय हाताशी नसला की माणसं याच वाटेने जातात.

रानडुकरांचा त्रास कावेरी खोऱ्यातही आहे. तमिळनाडू सरकारने जानेवारी २०२५ मध्ये त्यावर तोडगा काढला. राखीव जंगलापासून एक किलोमीटरपर्यंत डुकराला हात लावायचा नाही, एक ते तीन किलोमीटरच्या पट्ट्यात पकडायचं, आणि त्यापलीकडे वनखात्याच्या प्रशिक्षित माणसांनीच गोळी घालायची. कुंभकोणमच्या सपाट भातशेतीचा बहुतेक भाग या तिसऱ्या पट्ट्यात येतो. शेतकऱ्याला स्वतः नेम धरायला न लावण्यामागचा विचार चांगला आहे, पण रात्री दोन वाजता शेतात शिरलेल्या कळपासाठी वनखात्याची माणसं पोचणार किती वाजता? केरळने २०२२ मध्ये दुसरा रस्ता धरला. डुकराबाबतचा निर्णय स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांकडे दिला आणि परवानाधारक बंदूकवाल्यांची यादी करून त्यांना कामाला लावलं. महाराष्ट्राने २०१५ मध्ये पिकांची नासधूस करणारी रानडुकरं आणि रोही यांना मारण्याची परवानगी सोपी केली, पण मारणाऱ्याच्या हातातल्या बंदुकीचा विचार मागेच राहिला.

महाराष्ट्राने केरळसारखी यादी करावी आणि तिला एक पायरी जोडावी. निवडणूक आली की कोकणातल्या परवानाधारकांना बंदुका पोलिस ठाण्यात जमा कराव्या लागतात आणि हाती पीक असताना शेतकरी मोकळा पडतो, ही तिथली जुनी तक्रार आहे. बंदुका ठाण्यात असतात तेव्हाच पोलिस दलातल्या आर्मररने प्रत्येक नळी आतून पाहावी, झिजलेले घोडे बदलायला सांगावेत, आणि खड्डे पडलेली नळी परत देऊच नये. तिच्या बदल्यात कलम १३ च्या त्याच तरतुदीचा आधार घेऊन काडतुसाची बंदूक द्यावी. ज्यांच्याकडे ठासणीचीच राहणार, त्यांना परवानाधारक दुकानातून एका बाराची मोजलेली दारू बंद पुडीत मिळावी, म्हणजे तळव्याचं माप आपोआप सुटेल. शिकवण्याचा दिवस भाताची लोंबी भरायच्या आधी, श्रावणात ठेवावा.

आणि नरिकुरवरांचं काय? डुकराचा माग काढणं, कळप कुठून येतो आणि कुठल्या ओढ्याने परततो हे चिखलातल्या खुरांवरून सांगणं, आवाज काढून जनावर थबकवणं, ही विद्या या समाजातल्या जुन्या माणसांकडे होती, आणि ती शिकवणारे हात अजून पुरते संपलेले नाहीत. शेजारच्या कर्नाटकातल्या कोडगूत कोडव समाजाला इंग्रजांच्या काळापासून बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे. केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली, आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये उचलून धरली. नरिकुरवरांना सूट नको, त्यांच्या हातात पुन्हा बंदूकही द्यायला नको. तमिळनाडूच्या वनखात्याने त्यांना माग काढणारे म्हणून पगारावर घ्यावं, आणि गोळी घालणाऱ्या पथकाबरोबर रात्री कोळ्ळिडम नदीच्या काठावर पाठवावं.